टी-पेशीला जंतू दिसत नाही, मग दिसतं काय?

रानजाई (धागाकर्ती)

लसींच्या धाग्यावर परवा कुणीतरी लिहिलं, "टी-सेल विषाणूला ओळखतात आणि मारतात." गप्पांमध्ये चालून जाईल, पण या एका वाक्यात दोन घोळ आहेत. टी-पेशी (म्हणजे टी-सेल, रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) विषाणूला मारत नाही, विषाणू शिरलेल्या आपल्याच पेशीला मारते. आणि विषाणूला ती ओळखतही नाही, कारण तो तिला दिसतच नाही. तिकडे अवांतर वाढायला नको म्हणून हा वेगळा धागा.

अँटिबॉडी काय करते ते करोनानंतर बहुतेकांना ठाऊक आहे. ती रक्तात मोकळी फिरते आणि विषाणूच्या अंगावरच्या प्रथिनाला, त्याच्या घड्या-वळणांसकट, जाऊन चिकटते. प्रथिन तापवून त्या घड्या मोडल्या की बऱ्याच अँटिबॉडी त्याला ओळखेनाशा होतात. टी-पेशींना मात्र मोडलेलं प्रथिनही चालतं. १९५९ मध्ये गेल आणि बेनासेराफ यांना गिनीपिगांत हे दिसलं होतं. तेव्हा त्याचा अर्थ कुणाला नीट लागला नाही.

अर्थ लागायला सुरुवात झाली १९७४ मध्ये, कॅनबेराच्या जॉन कर्टिन संस्थेत. पीटर डोहर्टी हे शिकलेले पशुवैद्य, रोल्फ झिंकरनागेल हे स्वित्झर्लंडहून आलेले डॉक्टर. दोघं उंदरांच्या एका विषाणूवर काम करत होते. त्याचं नाव लांबलचक आहे, आपण एलसीएमव्ही म्हणू. हा विषाणू मोठा विचित्र. तो स्वतः पेशींचं फारसं वाकडं करत नाही. उंदीर मरतो तो त्याच्याच टी-पेशी मेंदूच्या आवरणावर तुटून पडतात म्हणून. टी-पेशी नसलेल्या उंदराच्या मेंदूत तोच विषाणू टोचला तर उंदीर जगतो.

प्रयोग असा: संसर्ग झालेल्या उंदराच्या टी-पेशी काढायच्या आणि विषाणू लागलेल्या दुसऱ्या पेशींवर सोडायच्या. या दुसऱ्या पेशींत आधीच किरणोत्सारी क्रोमियम भरलेलं. पेशी फुटली की ते बाहेरच्या द्रवात येतं, आणि किती आलं ते मोजता येतं. टी-पेशी आणि लक्ष्य पेशी एकाच वंशाच्या उंदरांतल्या असल्या की धडाधड फुटत. वंश वेगळा असला तर विषाणू तोच असूनही टी-पेशी ढिम्म! फरक नेमका एका जनुकसमूहाचा होता, त्याचं नाव एमएचसी. त्यातून बनणारे रेणू पेशीच्या अंगावर असतात, त्यांनाही एमएचसीच म्हणतात. म्हणजे टी-पेशी नुसतं 'विषाणू आहे का' एवढंच बघत नाही. 'माझ्या ओळखीच्या एमएचसीबरोबर विषाणू आहे का' असं बघते. दोन्ही एकत्र हवं. १९९६ चं नोबेल या कामाला मिळालं.

एमएचसी तोवर माहीत होतं ते वेगळ्याच कारणाने. एका उंदराची कातडी दुसऱ्याला लावली की ती गळून पडते, ती मुख्यतः या जनुकांमुळे. पीटर गोरर यांनी १९३६ च्या सुमारास उंदरांत आणि झाँ दोसे यांनी १९५८ मध्ये माणसांत त्यांचा माग काढला होता. माणसातल्या एमएचसीला एचएलए म्हणतात. पण निसर्गाने ही जनुकं काही शल्यविशारदांना छळायला ठेवलेली नव्हती. त्यांचं खरं काम कॅनबेरात कळलं.

आता 'बरोबर' म्हणजे नेमकं कसं? ऑक्सफर्डच्या अलेन टाउनसेंड यांनी १९८६ मध्ये दाखवलं की फ्लूच्या विषाणूचं एक आतलं प्रथिन, जे पेशीच्या पृष्ठभागावर अख्खं कधी दिसायचं कारणच नाही, तेही टी-पेशी ओळखतात. इतकंच नाही, त्या प्रथिनाचा प्रयोगशाळेत बनवलेला छोटासा तुकडा निरोगी पेशींवर नुसता बाहेरून ओतला तरी टी-पेशी त्यांना मारतात. पुढच्याच वर्षी हार्वर्डमध्ये पामेला ब्योर्कमन, डॉन वायली आणि जॅक स्ट्रॉमिंजर यांनी एचएलए-ए२ या रेणूचं स्फटिकचित्र छापलं. तो रेणू पेशीच्या आवरणापासून सोडवायला पपईच्या चिकातलं पपेन वापरलं होतं, हे मला फार आवडतं. चित्रात रेणूच्या माथ्यावर एक खाच दिसली, आणि त्या खाचेत काहीतरी बसलेलं. यांनी ठेवलेलं नव्हतं. पेशीनेच भरून पाठवलं होतं.

ते 'काहीतरी' म्हणजे पेप्टाइड, प्रथिनाचा आठ ते दहा अमिनो आम्लांचा तुकडा. एक खरं उदाहरण देते. फ्लूच्या एम१ प्रथिनातला हा तुकडा: ग्लायसीन, आयसोल्युसीन, ल्युसीन, ग्लायसीन, फिनाइलअलानीन, व्हॅलीन, फिनाइलअलानीन, थ्रिओनीन, ल्युसीन. एकूण नऊ. दुसरं आणि नववं अमिनो आम्ल एचएलए-ए२ च्या खाचेतल्या दोन खळग्यांत रुतून बसतं. मधला भाग किंचित वर राहतो. टी-पेशीचा रिसेप्टर, म्हणजे तिच्या अंगावरचा ओळखणारा रेणू, वरून येतो तो या मधल्या भागाला आणि खाचेच्या दोन्ही काठांना एकदमच टेकतो. तिला दिसतं ते एवढंच: चार-पाच परकी अमिनो आम्लं आणि भोवताली स्वतःचं एचएलए. अख्खा फ्लूचा विषाणू तिच्या लेखी इतकाच.

---

भटकभवानी

बापरे, पपई! वाचतेय. एक बाळबोध शंका: एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? अँटिबॉडीसारखं सरळ जाऊन चिकटायला काय झालं होतं?

---

रानजाई

बाळबोध नाहीये ही शंका, सगळ्याचं मूळ तिथेच आहे. विषाणू पेशीत शिरला की अँटिबॉडीचा हात तिथे पोचत नाही. बाहेरून सगळ्या पेशी सारख्याच. आतली खबर बाहेर यायची तर पेशीनेच ती आणायला हवी.

पेशीत जुनी, बिघडलेली, नको असलेली प्रथिनं सतत मोडली जातात. ते करणारं यंत्र म्हणजे प्रोटिअसोम. त्यातून पडलेले तुकडे टॅप नावाच्या वाहकातून पेशीच्या आतल्या जाळीदार कप्प्यात ओढले जातात. तिथे नव्या कोऱ्या एमएचसी रेणूच्या खाचेत बसणारा तुकडा मिळाला की दोघं मिळून पृष्ठभागावर येतात. तुकडा मिळाला नाही तर रेणू बहुधा वर येतच नाही. पेशी यात निवड करत नाही, स्वतःचीही प्रथिनं त्याच घाण्यात जातात. निरोगी पेशीच्या अंगावर म्हणूनच सगळे आपलेच तुकडे असतात. विषाणू आला की त्यांत त्याचेही मिसळतात.

नागीण आणि तोंडावरचे फोड आणणाऱ्या विषाणूंच्या कुळाने हे कधीच ओळखलं आहे. त्यातला हर्पिस सिम्प्लेक्स टॅपच्या तोंडात बूच मारतो, सायटोमेगॅलो तर तयार एमएचसीच मोडून टाकायला लावतो. मग टी-पेशीला काही दिसत नाही. पण एमएचसी अंगावर नसणं हाच गुन्हा मानणाऱ्या एनके (नॅचरल किलर) पेशी तेवढ्यासाठीच फिरत असतात. क्लास कार्रे यांनी ही कल्पना ऐंशीच्या दशकात मांडली.

---

डबाबाटली

म्हणजे सोसायटीत प्रत्येक दाराबाहेर ठेवलेला ओल्या कचऱ्याचा डबा! आत काय शिजतंय ते बघायला घरात शिरायची गरज नाही. कांद्या-बटाट्याची सालं रोजची. एखाद्या दिवशी भलतीच कसली हाडं दिसली की वॉचमन शिट्टी मारणार.

---

रानजाई

झकास. फक्त या वॉचमनला दुसऱ्या सोसायटीचा डबा दाखवला तर तो गोंधळतो हेही त्यात धरा. त्याची भरतीच आपल्या सोसायटीच्या डब्यांवर झालेली असते. ही भरती होते छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत. १९६१ पर्यंत ही ग्रंथी बिनकामाची समजली जात होती. मग जॅक मिलर यांनी लंडनमध्ये नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली आणि ती पिल्लं संसर्गांनी मरू लागली, दुसऱ्याची कातडीही त्यांच्या अंगावर टिकू लागली.

थायमसमध्ये कोवळ्या टी-पेशी येतात तेव्हा प्रत्येकीचा रिसेप्टर जनुकांचे तुकडे आंधळेपणाने जोडून बनवलेला असतो. जनुकं अशी कापून जोडली जातात हे सुसुमु टोनेगावा यांनी आधी अँटिबॉडीबाबत दाखवलं होतं. टी-पेशीच्या रिसेप्टरचं जनुक १९८४ मध्ये मार्क डेव्हिस यांच्या गटाला उंदरात आणि टॅक माक यांच्या गटाला माणसात सापडलं, दोन्ही शोध पाठोपाठ. आंधळी जोडणी म्हणजे निम्म्याहून जास्त माल टाकाऊ. ज्या पेशीला आपल्या एमएचसीला टेकताच येत नाही ती तिथेच विरते. जी आपल्याच तुकड्याला घट्ट धरते तिलाही बहुधा मरायचा हुकूम मिळतो. शंभरातल्या पाचही बाहेर पडत नाहीत.

---

त्रिज्या

इथे मला दोन गोष्टी पटत नाहीत.

पहिली: इन्सुलिन फक्त स्वादुपिंडात बनतं. थायमसमध्ये बसून टी-पेशीला इन्सुलिनचा तुकडा दिसणार कसा? मग 'आपलाच तुकडा' म्हणून ती बाद कशी होणार?

दुसरी, आणि ही जास्त टोचते: टी-पेशी आपल्याच एमएचसीवर निवडलेल्या असतात, दुसऱ्याच्या एमएचसीवरचा विषाणू त्यांना दिसत नाही, हे कॅनबेराचं म्हणणं. ठीक. मग दुसऱ्याची किडनी बसवल्यावर त्याच टी-पेशी एवढ्या पिसाळतात का? त्यांनी तर तिच्याकडे ढुंकूनही बघायला नको.

---

कडूकारलं

प्रयोगशाळेत प्रत्यारोपणाच्या जुळण्या तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, तेव्हा दुसऱ्यावर आधी बोलतो. रानजाईताई, घुसखोरी माफ करा.

त्रिज्या, अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवलंत. विशिष्ट विषाणूचा विशिष्ट तुकडा ओळखणाऱ्या कोऱ्या टी-पेशी शरीरात फार थोड्या असतात, लाखात किंवा दहा लाखांत एखादी. पण परक्या एमएचसीवर उखडणाऱ्या टी-पेशी शंभरात एक ते दहा निघतात! कारण असं की थायमसमध्ये 'फार घट्ट धरणाऱ्या बाद' ही चाळणी लागते ती फक्त आपल्या एमएचसीसाठी. शेजाऱ्याचं एमएचसी तिथे नसतं, त्यामुळे त्याला घट्ट धरणाऱ्या पेशी चाळल्या जातच नाहीत. शिवाय रिसेप्टरची घडणच एमएचसीच्या आकाराकडे झुकलेली आहे. परक्या किडनीच्या प्रत्येक पेशीवर असे हजारो रेणू, प्रत्येकात वेगळे तुकडे. कुणी ना कुणी टी-पेशी त्यातल्या कशाला तरी चिकटणारच. कॅनबेरात लक्ष्य पेशींवरचा विषाणू दिसला नाही कारण त्या टी-पेशी एका विशिष्ट जोडीसाठी वाढलेल्या होत्या. किडनीवर सगळी फौज सुटते, त्यातल्या ज्यांचं जमेल त्या धावतात. दोन गोष्टींत विरोध नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर फारच सुंदर आहे. थायमसच्या गाभ्यातल्या काही पेशी आयर नावाच्या जनुकाच्या जोरावर इन्सुलिनसकट शरीरभराची हजारो प्रथिनं थोडी थोडी स्वतःच बनवतात, केवळ दाखवण्यासाठी. हे जनुक बिघडून जन्मलेल्या मुलांत अधिवृक्क, परावटू अशा ग्रंथी एकामागून एक स्वतःच्याच टी-पेशींच्या माऱ्याला बळी पडतात. सुदैवाने फार दुर्मीळ. तरीही चाळणीतून काही निसटतातच. त्यांना आवरणाऱ्या नियामक टी-पेशींसाठी २०२५ चं नोबेल ब्रंको, रॅम्सडेल आणि साकागुची यांना मिळालं.

---

हरहर_काढा

एवढं सगळं वाचून शेवटी टी-सेल वाढवायला काय प्यायचं ते कुणी सांगितलंच नाही. आमच्या आजोबांचा गुळवेल आणि सुंठ...

---

भटकभवानी

कडूकारलंकाकांनी आत्ताच सांगितलं की मोकाट टी-पेशी किडनी खातात, आणि तुम्हाला त्या वाढवायच्यात. सुंठ चहात घाला, छान लागते.

---

नेमकेबोल

लेख चांगला, पण अर्धा. सगळं वर्ग १ बद्दल चाललंय. सीडी४ पेशी, वर्ग २, क्रॉस-प्रेझेंटेशन यांचा पत्ता नाही. डेन्ड्रिटिक पेशींशिवाय टी-पेशीच्या ओळखीवर लिहिणं म्हणजे लग्नाच्या पत्रिकेत नवरीचं नाव नसणं.

---

रानजाई

एकाच लेखात सगळी वरात आणली असती तर पहिल्या पंगतीतच लोक उठले असते. आता विषय काढलाच आहे तर घ्या.

वर्ग १ चे रेणू जवळजवळ सगळ्या केंद्रकवाल्या पेशींवर असतात. त्यांत आत बनलेल्या प्रथिनांचे तुकडे असतात आणि ते सीडी८ टी-पेशी बघतात. वर्ग २ चे रेणू मोजक्या पेशींवर: डेन्ड्रिटिक पेशी, भक्षक पेशी, अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशी. या पेशी बाहेरचा माल गिळतात, पोटातल्या आम्लात तो कुजवतात आणि त्याचे तुकडे सीडी४ टी-पेशींना दाखवतात. वर्ग २ ची खाच दोन्ही टोकांना उघडी असल्यामुळे तुकडे लांब असतात, तेरा ते पंचवीस अमिनो आम्लांचे, टोकं बाहेर लोंबकळतात. सीडी४ पेशी सहसा स्वतः मारत नाही. ती बी-पेशीला चांगल्या अँटिबॉडी बनवायला लावते, भक्षकांना चेतवते. म्हणून एचआयव्हीने सीडी४ पेशी संपवल्या की सगळाच कारभार बसतो.

डेन्ड्रिटिक पेशींचं महत्त्व वेगळं आहे. कोरी टी-पेशी पहिल्यांदा जागी करायचं काम मुख्यतः त्याच करतात. कातडीत किंवा फुफ्फुसात माल गोळा करायचा, लसिकाग्रंथीत जायचं, तिथे रांगेने येणाऱ्या टी-पेशींना तो दाखवायचा. नुसता तुकडा दाखवून भागत नाही. 'हे धोक्याचं आहे' असा दुसरा इशारा बी७ नावाच्या रेणूतून द्यावा लागतो. तो नसेल तर तुकडा ओळखूनही टी-पेशी गप्प बसते, पुढेही गप्पच राहते. राल्फ स्टाइनमन यांनी या पेशी १९७३ मध्ये शोधल्या. २०११ चं नोबेल जाहीर झालं त्याच्या तीन दिवस आधी ते वारले, समितीला ते कळलेलं नव्हतं, आणि पुरस्कार कायम ठेवला गेला.

क्रॉस-प्रेझेंटेशन म्हणजे डेन्ड्रिटिक पेशीने बाहेरून गिळलेला माल वर्ग १ वरही मांडणं. मायकल बेव्हन यांनी १९७६ मध्ये दाखवलं. जे विषाणू डेन्ड्रिटिक पेशीत शिरतच नाहीत त्यांच्याविरुद्ध सीडी८ पेशी जाग्या होतात त्या याच वाटेने. झालं समाधान?

---

नेमकेबोल

झालं. सीडी१ आणि एमआर१ हे एमएचसीसारखेच दाखवणारे रेणू राहिले, पण सोडून देतो.

---

कडूकारलं

सीडी१ सोडू नका, आपल्याकडे टीबी आहे. सीडी१ रेणू पेप्टाइड नाही, क्षयाच्या जंतूच्या मेणचट आवरणातले स्निग्ध रेणू दाखवतो. तेव्हा 'टी-पेशी फक्त प्रथिनांचे तुकडे बघतात' हे शंभर टक्के खरं नाही.

आणि टीबीचं निघालंच आहे तर: सीडी४ पेशींचं काम डोळ्यांनी बघायचं असेल तर मॉन्टू टेस्ट बघा. हातावर जंतूच्या प्रथिनांचं मिश्रण टोचतात. आधी कधी गाठ पडलेली असेल तर त्या तुकड्यांना ओळखणाऱ्या टी-पेशी तिथे येतात, भक्षकांना बोलावतात आणि जागा कडक होते. याला ४८ ते ७२ तास लागतात. दुसऱ्याच दिवशी दाखवायला येणारे लोक असतात, त्यांना परत पाठवावं लागतं. मोजायचा असतो तो कडकपणा, लाली नाही. एचआयव्हीच्या रुग्णात टीबी असूनही हात सपाट राहू शकतो, कारण ओळखणारे शिपाईच उरलेले नसतात.

मॉन्टूची पंचाईत ही की लहानपणीच्या बीसीजीमुळेही ती उठू शकते. त्यावर तोडगा निघाला तो जंतूच्या दोन प्रथिनांवर, ईसॅट-६ आणि सीएफपी-१०. बीसीजीच्या जंतूत या दोघांचं जनुकच गळून गेलेलं आहे. त्यामुळे या तुकड्यांना कुणाच्या टी-पेशी प्रतिसाद देत असतील तर तो बीसीजीमुळे नव्हे. रक्ताची इग्रा चाचणी यावरच चालते. आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची साय-टीबी ही कातडीवरची चाचणीही. यातली कुठलीच चाचणी 'आत्ता आजार आहे' असं सांगत नाही, फक्त 'गाठ पडली आहे' एवढं सांगते. हे मी दिवसातून अनेकदा समजावतो, अजून एकदा इथे.

---

पाऊसवेडा

"जवळजवळ सगळ्या केंद्रकवाल्या पेशींवर वर्ग १" असं वाचलं. तांबड्या पेशींना केंद्रक नसतं ना? मग मलेरिया?

---

रानजाई

हो! मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरला की सीडी८ पेशींच्या दृष्टीने अदृश्य होतो. दाखवायला रेणूच नाहीत. पण डास चावल्यावर तो आधी यकृतात जातो, आणि यकृताच्या पेशींवर वर्ग १ असतं. फाल्सिपारमचा यकृतातला मुक्काम साधारण आठवडाभराचा. सीडी८ पेशींना काय संधी मिळायची ती तेवढ्यात.

---

त्रिज्या

किडनीचं उत्तर पटलं. आता आकड्यांचं बोलू. एका पेशीवर वर्ग १ चे रेणू किती? समजा एक लाख. त्यातले विषाणूचे तुकडे असलेले किती? शे-दोनशे? बाकीचे सगळे आपले. आणि दोघांत फरक चार-पाच अमिनो आम्लांचा. टी-पेशी यातून वेचते तर तिची पकड भलतीच घट्ट असली पाहिजे.

---

रानजाई

इथेच मजा आहे, पकड उलट सैल आहे! अँटिबॉडीच्या पकडीपेक्षा हजारपट सैल असणं सर्रास. रिसेप्टर योग्य तुकड्यावरही काही सेकंदच टिकतो, मग सुटतो. आपल्या तुकड्यावरून त्याहून लवकर सुटतो. टी-पेशी मोजते ती ही वेळ.

रिसेप्टरला स्वतःला आत निरोप पाठवता येत नाही, त्याचं शेपूट आखूड. निरोप नेतात त्याला जोडलेल्या सीडी३ च्या शेपट्या. रिसेप्टर टेकलेला असताना एलसीके नावाचं विकर त्यांच्यावर फॉस्फेटचे गट लावत जातं. पुरेसे लागले की झॅप-७० येऊन बसतं, मग पुढची साखळी. मध्येच रिसेप्टर सुटला तर लावलेले फॉस्फेट लगेच पुसले जातात, पाटी कोरी. म्हणजे दोन बंधांत वेळेचा फरक दुपटी-तिपटीचा असला, तरी पायऱ्या अनेक असल्याने शेवटी पोचणाऱ्या निरोपांत कित्येक पटींचा फरक पडतो. टिमोथी मॅककीथन यांनी १९९५ मध्ये हे गणित मांडलं. तुम्ही करून बघा: एका पायरीवर टिकायची शक्यता ०.९ विरुद्ध ०.५, आणि पायऱ्या सहा.

सैल पकडीचा दुसरा फायदा म्हणजे तोच एक तुकडा-रेणू एका रिसेप्टरला चेतवून सुटतो, दुसऱ्याला चेतवतो, तिसऱ्याला. म्हणून शे-दोनशेसुद्धा लागत नाहीत. मारेकरी टी-पेशीला दहाच्या आतबाहेर पुरतात.

---

त्रिज्या

०.९ चा सहावा घात ०.५३. ०.५ चा ०.०१६. तेहतीस-चौतीस पट! पायऱ्या दहा केल्या तर साडेतीनशेच्या पुढे. पण मग योग्य तुकड्याचेही बरेच निरोप वाटेत गळणार, ०.३५ च उरतात. म्हणजे पायऱ्या वाढवल्या की अचूकता वाढते आणि संवेदना घटते. कुठेतरी सुवर्णमध्य काढलेला असणार. आज झोप नाही.

---

पवईचा_पक्षी

आमच्या कॅम्पसवर, म्हणजे आयआयटी बॉम्बेत, जी कर्करोगावरची कार-टी उपचारपद्धती बनली तिच्यातही टी-सेलच ना? एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती आल्या होत्या तिचं लोकार्पण करायला. तिथेही हेच एमएचसी, खाच वगैरे असतं का?

---

रानजाई

नाही, आणि म्हणूनच ती वेगळी. नेक्सकार१९ हे त्या उपचाराचं नाव. टाटा मेमोरियलबरोबर विकसित झालेला, २०२३ मध्ये परवानगी मिळालेला. किंमत परदेशातल्या अशाच उपचाराच्या साधारण दहावा हिस्सा. रुग्णाच्या टी-पेशी काढून त्यांच्यावर एक बनावट रिसेप्टर बसवतात. त्याचं तोंड अँटिबॉडीचं, शेपूट टी-पेशीचं. हे तोंड बी-पेशींच्या, आणि त्यांच्यापासून झालेल्या कर्करोगाच्या पेशींच्या, अंगावरचं सीडी१९ प्रथिन अख्खंच्या अख्खं ओळखतं. खाच नको, तुकडा नको, रुग्णाचं एचएलए कुठलंही असो.

त्याची दुसरी बाजू अशी की पेशीच्या आत दडलेलं काहीही या तोंडाला दिसत नाही. कर्करोगाचे बरेच बिघाड आतल्या प्रथिनांत असतात. ते बघायला खरा टी-पेशी रिसेप्टरच लागतो, आणि तो वापरला की पुन्हा एचएलएची अट येते. अमेरिकेत २०२४ मध्ये मंजूर झालेला अफामी-सेल हा उपचार फक्त एचएलए-ए०२ च्या ठरावीक प्रकारांच्या रुग्णांनाच देतात. शिवाय सीडी१९ निरोगी बी-पेशींवरही असतं. कार-टी त्यांनाही साफ करते. बी-पेशींवाचून माणूस निभावून नेऊ शकतो म्हणून हे लक्ष्य चाललं.

---

सांजसकाळ

धागा दोनदा वाचला. आमच्याकडे सध्या दिराच्या बोन मॅरोचं चाललंय. त्यांचे सगळे भाऊ-बहीण तपासून आले, माझ्या नवऱ्याचं जुळलं नाही, धाकट्या नणंदेचं पूर्ण जुळलं. सासूबाई म्हणतात, "एका आईची लेकरं, एकाचं जुळतं आणि एकाचं नाही असं कसं?" त्यांना काय सांगू?

---

कडूकारलं

ताई, नणंदेचं जुळलं ही फार चांगली बातमी. सासूबाईंना असं सांगा: एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर जवळजवळ असतात, म्हणून सहसा एकगठ्ठा येतात. आईकडे दोन गठ्ठे, वडिलांकडे दोन. प्रत्येक मुलाला दोघांकडून एकेक. चार जोड्या होतात, म्हणून भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. दोन भावंडं तपासली तर त्यांतलं किमान एक जुळायची शक्यता सुमारे ४४ टक्के. आई-वडिलांचं मुलाशी निम्मं हमखास जुळतं, आणि आता निम्म्या जुळणीचं प्रत्यारोपणही होतं. मॅरोमध्ये इतकं काटेकोर बघतात कारण इथे दुहेरी भानगड असते. दात्याच्या टी-पेशी रुग्णाच्या शरीरात जातात आणि त्यांना सगळं शरीरच परकं वाटू शकतं.

---

सांजसकाळ

कळलं. सासूबाईंना चार वाट्यांत दाखवलं, पटलं. आभार.

---

ओसरी

माझा प्रश्न कदाचित अवांतर. मुलाला फिट्स येतात. न्यूरोलॉजिस्टनी कार्बामाझेपिन सुरू करण्याआधी एचएलए तपासायला सांगितलं. फिटच्या गोळीचा आणि प्रत्यारोपणाच्या चाचणीचा संबंध काय, हे विचारायचं राहूनच गेलं.

---

कडूकारलं

अवांतर मुळीच नाही. एचएलए-बी*१५:०२ हा एक प्रकार आहे. तो असलेल्या काहींमध्ये कार्बामाझेपिनचा रेणू एचएलएला जाऊन चिकटतो आणि टी-पेशींना ते भलतंच काही वाटतं. मग सीडी८ पेशी कातडीवर तुटून पडतात. कातडी भाजल्यासारखी सुटते, याला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात. तैवानमध्ये २००४ साली अशा ४४ रुग्णांत तपासलं तर ४४ च्या ४४ जणांत हा प्रकार निघाला. पुढे तिथे सुमारे ४८०० जणांची आधी तपासणी करून, तो प्रकार असलेल्यांना ही गोळी दिलीच नाही, तर एकालाही हा आजार झाला नाही. हा प्रकार आशियात जास्त आढळतो, भारतीयांतही आहे. एचआयव्हीवरच्या अबाकाव्हिरचं असंच, तिथे बी*५७:०१. ते औषध तर खाचेच्या तळाशीच जाऊन बसतं, आणि मग खाचेत एरवी न बसणारे आपलेच तुकडे बसायला लागतात.

अहवालात १५:०२ नसेल तर डॉक्टर बहुधा गोळी सुरू करतील. धोका त्याने खूप कमी होतो, शून्य होत नाही, कारण इतर काही एचएलए प्रकारांशीही या गोळीचा संबंध आहे. पहिले दोन-तीन महिने लक्ष ठेवा. अंगावर पुरळ, तोंडात किंवा डोळ्यांत फोड, सोबत ताप असं काही दिसलं तर पुढच्या गोळीची वेळ होईपर्यंत थांबू नका, मुलाला घेऊन थेट रुग्णालय गाठा. आणि फिटची गोळी मनाने अचानक बंद करणंही धोक्याचंच, म्हणून निघतानाच डॉक्टरांना फोन लावा.